शाळेतले विज्ञान आणि माळवदाखालचा माणूस



शाळेत विज्ञान कसे शिकवावे हा शिक्षणखात्याचा आणि फार तर शिक्षकांच्या अधिवेशनाचा विषय आहे, असे कार्यकर्त्यांच्या बैठकीत सहसा गृहीत धरले जाते. पिण्याचे पाणी, रोजगार हमीची मजुरी, सोयाबीनचा भाव, पीक विमा यांसाठी मोर्चा निघतो. सातवीतल्या मुलीच्या हाती कधी चंचुपात्र आले की नाही हे विचारायला तहसील कचेरीवर कोणी जात नाही. धाराशिव जिल्ह्यात तरी हे गृहीतक एकदा तपासून पाहावयास हवे. त्याची किंमत या जिल्ह्याने एकाच पहाटे मोजलेली आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे रात्री उशिरा घरी परतली आणि गाढ झोपली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाचे केंद्र लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ; परंतु तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावेही त्याच क्षणी जागच्या जागी बसली. धक्क्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान नोंदली गेली. जगाच्या मापाने हा मध्यम भूकंप. जपानात या मापाचे धक्के वारंवार बसतात आणि बहुतेक वेळा थोडक्यात निभावते. येथे आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली.

त्यांना मारले कोणी? जमिनीने मारले नाही, घराने मारले. मराठवाड्यातील जुने माळवदाचे घर डोळ्यांपुढे आणावे. दोन-अडीच फूट रुंदीची भिंत, बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन पदर, मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल. दोन्ही पदरांना एकमेकांशी जखडणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढरीच्या मातीचा थर. पावसाळ्यात गळती लागली की त्यावर आणखी माती. वडिलांनी टाकली, मुलाने टाकली, नातवाने टाकली. वैशाखात असे घर गार राहते, म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. ते बांधणारा गवंडी अडाणी नव्हता. उन्हाचे शास्त्र त्याला पुरते ठाऊक होते.

आता साधा हिशेब करावा. दहा फूट बाय बारा फुटांची खोली आणि दोन फूट जाडीचा थर म्हणजे २४० घनफूट माती. एका घनफुटात सुमारे २८ लिटर. एक लिटर कोरडी, दाबलेली माती दीड किलोच्या आसपास भरते. गुणाकार दहा टनांवर जातो. दहा बैलगाड्यांचा भार निजलेल्या कुटुंबाच्या उशाशी टांगलेला होता आणि तो तोलणाऱ्या भिंतीचे दोन पदर एकमेकांना धरून नव्हते. हा हिशेब करायला सहावीचे गणित पुरते. माप घ्यायला एक पट्टी, एक डबा आणि एक तराजू लागतो. शाळा या गावांतही होत्या. भूगोलाच्या पुस्तकात भूकंपाचा धडा होता. भूकंपनाभी आणि भूकंपमापक यंत्र यांच्या व्याख्या पाठ करून उत्तरपत्रिकेत लिहिल्या जात होत्या. पण धड्यातला भूकंप पुस्तकात राहिला आणि माळवदाची जाडी घरात राहिली. दोहोंची गाठ कोणत्याही तासाला घालून दिली गेली नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. गाफील केवळ गावे नव्हती. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या अधिकृत नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात रंगवलेला होता. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, अचल भूखंड अशी समजूत होती. डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तिला तडा दिला, तरी ती पुरती मोडली नव्हती. १९९२ साली किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवले होते, आणि तरीही नकाशा तसाच राहिला. पुढे २००२ साली मानक बदलले, पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. विज्ञान चुकते आणि पुरावा समोर आला की आपला नकाशा बदलते. पोथी बदलत नाही. मुलांना विज्ञान शिकवायचे ते या एका गुणासाठी. परंतु शाळेत शिकवले जाणारे विज्ञान स्वतःच पोथी होऊन बसले आहे, ही खरी अडचण आहे.

हा प्रश्न हाताने कसा शिकवता येतो ते पाहावे. एक फळी घ्यावी. तिच्याखाली गोट्या पसराव्यात, म्हणजे फळी आडवी सरकेल. फळीवर मुलांनी नदीतले खडे आणि चिखल घेऊन वीतभर उंचीच्या चार भिंती रचाव्यात, वर काड्यांचे छत आणि त्यावर मातीचा जाड थर द्यावा. वाळू द्यावे. शेजारच्या दुसऱ्या फळीवर त्याच खड्यांचे, त्याच चिखलाचे घर. मात्र त्यात दर दोन थरांनंतर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब खडा बसवावा, कोपऱ्यांत काड्या आडव्या-उभ्या गुंतवाव्यात आणि दारांच्या डोक्यावरून चारही भिंतींना एक पट्टा सलग बांधून घ्यावा. वर मातीचा पातळ थर. मग दोन्ही फळ्या सारख्याच जोराने हलवाव्यात. पहिले घर कसे पडते हे मुलांनी नीट पाहावे. बाहेरचा पदर आधी सुटतो, भिंत फुगते, कोपरा उघडतो, आणि छत आत येते. मग वाद सुरू होतो. फळी जास्त जोराने हलवली, असे कोणी म्हणते. पुन्हा करा. चिखल ओला होता, असे दुसरा म्हणतो. पुन्हा करा, या वेळी चिखल सारखा ठेवून. फक्त छत हलके केले आणि पट्टा दिला नाही तर? फक्त पट्टा दिला आणि छत जड ठेवले तर? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या सारख्या ठेवायच्या, हे प्रयोगाचे सारे व्याकरण मुले तासाभरात स्वतःच शोधून काढतात.

अशा वर्गातून बाहेर पडलेले मूल घरी जाऊन भिंतीकडे पाहते. १९९३ नंतर या भागात दगडाविषयी इतकी दहशत बसली की सिमेंटशिवाय दुसरे काही नको असे लोक म्हणू लागले. ते स्वाभाविकच होते. ज्याच्या डोळ्यांदेखत भिंतीने मुले गिळली त्याला दगडाचे गुण सांगायला कोणी जाऊ नये. परंतु जेथे लाकडी खांबांनी छत स्वतंत्रपणे तोललेले होते अशा काही घरांत भिंती ढासळूनही छत उभे राहिले आणि खालची माणसे वाचली, हेही त्याच पडझडीत दिसले होते. दोष दगडाचा किती, बांधणीचा किती आणि वरच्या ओझ्याचा किती, हा प्रश्न ज्या गावाला विचारता येतो ते गाव पुनर्वसनाच्या आराखड्यावर अधिकाऱ्याशी बोलू शकते. ज्याला विचारता येत नाही त्याने अंगठा उठवायचा असतो. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले, हे चळवळीचे मोठेच काम. पण आपत्तीनंतर धावून जाणारी चळवळ आपत्तीपूर्वी शाळेत डोकावत नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

शाळेतली स्थिती सर्वांच्या परिचयाची आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असते. त्यात परीक्षानळ्या, एक सूक्ष्मदर्शक, दोन चुंबक, लिटमस कागद. साहित्य फुटले तर भरपाई कोणी करायची म्हणून कपाटाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे असते ते बहुधा रजेवर असतात. मुले प्रयोगवहीत सुबक आकृती काढतात. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे सारे गाईडमधून उतरवले जाते. निरीक्षणाच्या रकान्यात जे लिहिले जाते ते कोणी पाहिलेले नसते, आणि अनुमान तर वर्ष सुरू होण्याआधीच छापून आलेले असते. शिक्षकाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याच्यामागे जनगणना, मतदारयादी, पोषण आहाराचे हिशेब आणि रोज नव्या नमुन्यातली माहिती यांचा ससेमिरा आहे. प्रयोग करून दाखवल्याबद्दल त्याचे कोणी कौतुकही करत नाही. तरीही या वहीचा परिणाम ओळखला पाहिजे. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहिण्याची सवय दहा वर्षे लागलेला विद्यार्थी पुढे तलाठी, ग्रामसेवक किंवा अभियंता होतो आणि न झालेले काम झाले म्हणून लिहितो. कागदावरच्या बंधाऱ्यांविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांनी त्या बंधाऱ्यांचा पाया कोठे घातला जातो हे या वहीत पाहावे.

हात आणि पुस्तक यांची ही फारकत आजची नाही. या समाजात ज्याच्या हाताला काम त्याच्या हाती पुस्तक नाही आणि ज्याच्या हाती पुस्तक त्याच्या हाताला काम नाही, अशी वाटणी जातीने करून ठेवलेली होती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे व आरोग्याचे ज्ञान द्यावे अशी मागणी केली ती ही वाटणी ओळखूनच. गांधीजींच्या नयी तालीमचा विचार १९३७ साली वर्ध्याला मांडला गेला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला आणि शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत सर्वांना विज्ञान असावे असे सांगितले. मराठवाड्याची कथा थोडी वेगळी आहे. निजामी राजवटीत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात भारतीय भाषेतून विज्ञान शिकवण्याचा एक धाडसी प्रयोग झाला. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र ती भाषा उर्दू होती, तेरणाकाठच्या कुणब्याची नव्हती. मराठीतून शिकण्याची सोय लोकांनी स्वतः उभी केली. याच जिल्ह्यात हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते शाळेतून घडले हा इतिहास ज्या जिल्ह्याचा आहे, तेथे शाळा हे राजकारणाचे क्षेत्र नाही असे म्हणणे विचित्रच.

आणि तेर तर याच जिल्ह्यात आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मडकी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? कीर्तनात तिचा आध्यात्मिक अर्थ सांगितला जातो आणि तो असो. पण कथेच्या तळाशी एक कारागिराची कसोटी आहे. भाजलेले, सलग मडके वाजवले तर खणखणते. तडा असेल तर बद्द आवाज येतो. आवाजावरून वस्तूच्या आतली अवस्था ओळखण्याची हीच रीत. आठवीच्या ध्वनीच्या धड्यात तबला आणि सतार येते, कुंभार येत नाही. कुंभाराचे मूल वर्गात बसलेले असते आणि आपल्या घरात विज्ञान आहे हे त्याला कोणी सांगत नाही. एक तास त्याच्या आव्यावर नेला तर त्या दिवशी वर्गाचा गुरू कोण असेल याचा विचार करावा.

हे सारे स्वप्नरंजन आहे असे म्हणणाऱ्यांना उदाहरण देता येते. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवण्यास आरंभ केला. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे दिलेली नसत. मुलांनी प्रयोग करून ती मिळवायची. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवायला मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून अडचणी मांडत. मुलांनी प्रश्न पाठवायचे ते ‘सवालीराम’ नावाच्या एका कल्पित माणसाला. पुण्यात टेल्कोत काम करणारे तरुण अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तेथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व काडेपेटीच्या काड्या यांतून भूमितीचे आकार उभे करण्याची त्यांची युक्ती तेथेच जन्मली. महाराष्ट्रात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील शाळेतली मुले जोडकाम, वीजजोडणी, माती परीक्षण करत आणि ते काम गावाच्या उपयोगी पडत असे.

होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ साली राज्य शासनाच्या एका निर्णयाने शाळांतून बंद झाला. शास्त्रज्ञांनी निषेध केला, लेख आले. पण ज्या पालकांची मुले त्या शाळांत शिकत होती त्यांचे लोंढे रस्त्यावर आले नाहीत. शिक्षणतज्ज्ञ या घटनेचा विचार अभ्यासक्रमाच्या अंगाने करतात. पक्षकार्यकर्त्याने तो संघटनेच्या अंगाने करावा. शेतमजुराला आपल्या मुलाने पाठांतराऐवजी प्रयोग करावा असे का वाटावे, हे त्याच्याशी बोलून, त्याच्या प्रश्नाशी जोडून दाखवले गेले नाही तर उत्तमातला उत्तम कार्यक्रमही शासकीय आदेशाच्या एका पानावर जगतो आणि दुसऱ्या पानावर मरतो.

धाराशिवात हे जोडून दाखवायला पाण्याइतका सोयीचा विषय नाही. बोअर घ्यायचे ठरले की आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ उभा करतो किंवा दुबेळकी काटकी धरून रानभर फिरतो, आणि एका जागी थांबतो. शेतकरी कर्ज काढून तेथे बोअर मारतो. लागले तर पाणाड्याचे नाव होते. कोरडे गेले तर नशीब. काळ्या बेसाल्ट खडकाच्या या प्रदेशात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत साठते, सर्वत्र सारखे नसते. अमुक जागी लागलेले पाणी पाणाड्यामुळे लागले की तेथे कोठेही लागले असते, हे एका बोअरवरून कळत नाही. त्याला शिव्या देऊन तर मुळीच कळत नाही. नववीच्या मुलांनी गावातल्या सर्व बोअरची यादी करावी. कोणाचे, कोणत्या वर्षी, किती फूट, जागा कोणी दाखवली, पाणी लागले की नाही, आज चालू आहे की नाही. पाणाड्याने दाखवलेल्या आणि न दाखवलेल्या जागांचे यश वेगवेगळे मोजावे. चुकलेले बोअर कोणी लक्षात ठेवत नाही. वहीत ते राहतात. या वहीला भिऊन पाणाड्या गाव सोडणार नाही, पण पुढच्या शेतकऱ्याला कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक आकडा पाहायला मिळेल.

अंधश्रद्धेच्या प्रश्नाकडे या बाजूने गेल्यास पुष्कळ वितंडवाद टळतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले तेव्हा चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीला चिकटते आणि पातळ पापुद्र्याने खाली ओघळते, हे रंगीत दुधाने दाखवून देता आले. ते पाहणारा मनुष्य स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून घरी गेला. हसे झालेला मनुष्य मात्र अधिक हट्टाने देवळात गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पद्धत पहिली होती, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला, यावरून ती पद्धत कोणाला किती बोचत होती हे दिसते. शोधक बुद्धी आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून राज्यघटनेच्या ५१-अ अनुच्छेदात आले ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, म्हणजे प्रश्न विचारणारे हजारो लोक तुरुंगात असताना. कायद्याच्या पुस्तकातली ही थट्टा समाजवाद्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

काही जुने सहकारी आक्षेप घेतात की विज्ञान हे आज भांडवलाच्या दावणीला बांधलेले आहे. कीटकनाशक, बियाणे, अस्त्रे सारे त्याचेच. आक्षेप खरा आहे. पण फवारणीच्या डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ आणि औषधाचे प्रमाण ज्याला समजते तो मजूर मालकाला हातमोजे मागतो. ज्याला समजत नाही तो उघड्या हाताने फवारत राहतो आणि कंपनी त्याच्या अज्ञानावर नफा मिळवते. दुसरा वर्ग असे मानतो की पडदे आणि यंत्रे आली, प्रश्न सुटला. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान देण्याची योजना आहे. धाराशिव तर २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. पैसा येतो ते चांगलेच. पण महागडी वस्तू जितकी महाग तितके तिचे कुलूप मोठे, हा लोखंडी कपाटाचा अनुभव येथेही लागू पडतो; आणि पडद्यावर पडणारे घर पाहणे हे फळी स्वतः हलवण्यासारखे नव्हे.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ पासून शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिलेले आहे. कार्यकर्त्यांनी त्या समितीत बसावे, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारावे, फुटलेल्या परीक्षानळीची भरपाई शिक्षकाच्या खिशातून होणार नाही असा ठराव करून घ्यावा आणि नंतर एक काम हाती घ्यावे. सरळ बुडाची आणि सरळ बाजूंची एक बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, तळाला खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि बाजूला मोजपट्टी चिकटवायची. शाळेच्या आवारात, झाडापासून दूर, ती घट्ट रोवायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे छत दहा मीटर बाय सहा मीटर असेल आणि पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, तर छतावरून दीड हजार लिटर पाणी वाहून गेले हे पाचवीचे मूलही सांगेल. रोज सकाळी एकाच वेळी दोन मुलांनी वाचन घ्यायचे, न पडलेल्या दिवशीही शून्य लिहायचे, आणि वही ग्रामपंचायतीच्या फळ्याशेजारी टांगायची. तालुक्याच्या ठिकाणचा आकडा आणि गावचा आकडा यांत किती अंतर पडते, हे पीक विम्याच्या वादात गावाला स्वतःच्या अक्षरात दाखवता येईल. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो; बाटली मे अखेरीस रोवली पाहिजे, आणि त्या दिवसांत शाळेला सुट्टी असते, म्हणून वाचनाच्या पाळ्या परीक्षेआधीच लावून ठेवाव्या लागतील.